पाच बोटांचे तीन धनी

मराठी भाषेने माणसाच्या सगळ्याच अवयवांना कामाला जुंपले आहे. पण हाताला तिने जितके राबवले आहे तितके दुसऱ्या कोणाला राबवले असेल असे मला वाटत नाही. अडचणीत आपण कोणापुढे तरी हात पसरतो, देणारा हात आखडता घेतो, काम अंगाशी आले की हात झटकतो आणि शेवटी हात चोळत बसतो. सुगरणीची हातोटी, गवयाचा हातखंडा, डॉक्टरांचा हातगुण, पोरांची हातघाई! हे सारे वाक्प्रचार वर्षानुवर्षे वर्गात समजावून देताना एक प्रश्न मला नेहमी पडे. हा जो हात जन्मभर राबतो, तो कोणाच्या हुकमाने? ‘मेंदूच्या’ असे उत्तर शाळकरी मुलगाही देईल. पण मेंदू बसला आहे डोक्याच्या कवटीत, आणि करंगळीचे टोक आहे तेथून हातभर दूर. मधला निरोप्या कोण?

आमच्या गावातील वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे एक स्नेही मला लाभले आहेत. संध्याकाळच्या फिरण्यात मी त्यांना शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगतो आणि ते मला हाडामांसाच्या. या देवघेवीत फायदा अर्थातच माझा झाला. त्यातलेच थोडे आज वाचकांपुढे ठेवतो. विषय रुक्ष वाटेल, पण तो तुमच्याआमच्या मनगटातलाच आहे. आणि वेळेवर कळला तर एखाद्या घरातला हात वाचवणाराही आहे.

शीर, नस आणि स्नायू

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘हाताची शीर दबली’, ‘नस आखडली’ असे आपण सर्रास म्हणतो. पण शीर म्हणजे नक्की काय? हाताच्या पाठीवर निळसर दिसते तीही शीर. मूठ वळताच मनगटावर दोरीसारखी ताठ उभी राहते तीही शीर. आणि कोपर टेबलाच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या आणते तीही शीरच! वास्तविक या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. पहिली रक्तवाहिनी. दुसरी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. तिसरा मज्जातंतू. आज आपण बोलणार आहोत तो या तिसऱ्याविषयी.

हा घोळ आजचा नाही. सुश्रुतसंहितेत सिरा सातशे, स्नायू नऊशे आणि पेशी पाचशे सांगितल्या आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा. आपण आज ज्याला स्नायू म्हणतो तो. आणि तेथला स्नायू म्हणजे बांधणारा चिवट दोर. पुढे मराठीने स्नायूला मांसाच्या जागी बसवले आणि पेशीला सूक्ष्मदर्शकाखाली धाडले. शब्दांच्या अशा बदल्या होतच असतात. रोग्याने मात्र डॉक्टरांकडे जाऊन ‘शीर दुखते’ एवढेच न सांगता कोठे, कोणत्या बोटाला, कोणत्या वेळी हे सांगावे. का, ते पुढे कळेल.

मज्जातंतू दिसतो तरी कसा? स्नेह्यांनी मला एकदा विच्छेदनाच्या दालनात तो दाखवला. पांढरट, किंचित चमकणारा, जाड शेवेएवढा दोर. आत हजारो सूक्ष्म धागे. काही धागे मेंदूचा हुकूम खाली नेतात, काही बोटांची खबर वर आणतात. या निरोपाचा वेग मोजताच येणार नाही असे एकोणिसाव्या शतकातील थोर शास्त्रज्ञांना वाटत होते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला आणि तो सेकंदाला सुमारे ३० मीटर भरला. माणसाच्या हातात तो सेकंदाला ५० ते ६० मीटर असतो. विजेच्या मानाने ही गोगलगाय; पण गरम कढईवरून बोट उचलायला पुरेशी.

मानेतून निघालेली पाच मुळे

हाताचे मज्जातंतू हातात उगवत नाहीत, मानेत उगवतात. मानेच्या खालच्या भागातून चार आणि छातीच्या वरच्या टोकातून एक अशी पाच मुळे पाठीच्या कण्याबाहेर येतात. मानेच्या बाजूला त्यांची तीन खोडे होतात, गळपट्टीच्या हाडामागे ती दुभंगतात, काखेजवळ पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि अखेर पाच मोठ्या शाखा होऊन हाताच्या वाटेला लागतात. याला वैद्यकात ‘ब्रॅकियल प्लेक्सस’ म्हणतात. वैद्यकाचे विद्यार्थी परीक्षेत याचे नाव काढताच घामाघूम होतात असे ऐकतो. आमच्या विद्यार्थ्यांची वृत्तांच्या गणांनी जी अवस्था होते तीच!

हे जाळे नाजूक जागी आहे. अवघड बाळंतपणात बाळाचे डोके आणि खांदा यांत ताण पडला तर ते इजा पावते आणि बाळाचा हात लुळा पडून राहतो. पुष्कळ बाळांचा तो पुढे सुधारतो. मोठ्यांत याचे मोठे कारण म्हणजे मोटारसायकलवरची पडझड. शिरस्त्राण डोके वाचवते, पण खांदा आणि मान विरुद्ध दिशांना ओढली गेली तर मुळेच्या मुळे उपटून येतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. हृदयाच्या वेदनेचे धागे आणि हाताच्या आतल्या बाजूचे धागे कण्यात शेजारी शेजारी शिरतात. म्हणून हृदयविकाराची कळ पुष्कळदा डाव्या हाताच्या आतून उतरते. छातीत दडपल्यासारखे होऊन हात दुखू लागला तर तो मज्जातंतूचा विषय समजून घरी चोळत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

पाच शाखांपैकी एक खांदा उचलते, एक कोपर वाकवते. उरलेल्या तिघांनी पंजाची वाटणी करून घेतली आहे. त्यांची नावे रेडियल, मीडियन आणि अल्नर. हेच ते तीन धनी.

उघडणारा धनी

रेडियल हा दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली येतो. मनगट आणि बोटे मागे उचलणे, म्हणजे हात उघडणे, हे त्याचे काम. ‘उघडण्याचेच ना? मग तो नसला तरी मूठ वळेल,’ असे वाटेल. वाचकांनी येथे एक प्रयोग करावा. मनगट पूर्ण खाली वाकवून घट्ट मूठ वळून पाहावी. वळत नाही! मनगट मागे धरून ठेवणारा असल्याशिवाय मुठीला जोर नाही. देणारा हात आणि घेणारा हात एकाच तंत्राने चालतात, हा धडा निसर्गाने येथेही घालून ठेवला आहे.

खुर्चीच्या पाठीवरून दंड लोंबता टाकून माणूस गाढ झोपला तर हाडावर हा तंतू दबतो आणि सकाळी मनगट लुळे पडलेले आढळते. इंग्रजीत याला शनिवारच्या रात्रीचा पक्षाघात म्हणतात. शनिवारी पगार घेऊन मद्यपान करणारे असे झोपत म्हणून. आपल्याकडे रेल्वेच्या लांब प्रवासातही हे होऊ शकते. घरची मंडळी अर्धांगवायू झाला म्हणून हंबरडा फोडतात. डॉक्टरांना दाखवावे हे खरेच, पण नुसता दाब असेल तर बहुधा काही आठवड्यांत हात पूर्ववत होतो.

चिमटीचा धनी

मीडियन हाताच्या मधोमध उतरतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांची संवेदना त्याच्याकडे. अंगठा बोटांसमोर आणून उभा करणे हे त्याचे मुख्य कसब. चिमूटभर मीठ, सुईतला दोरा, दाराची किल्ली, लेखणी या साऱ्यांचा कारभार हा पाहतो. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे बाकी काही न मागता उजवा अंगठाच का मागितला, हे यावरून ध्यानात येईल. पुढे एकलव्य बोटांनी बाण सोडी, पण पहिली चपळाई उरली नाही, असे महाभारत सांगते. अंगठा गेला की हात उरतो, कसब जाते.

हा तंतू मनगटाशी एका अरुंद बोगद्यातून जातो. तीन बाजूंना हाडे, वर चिवट पट्टा आणि आत बोटांच्या नऊ कंडरांची गर्दी. थोडी सूज आली की सर्वांत मऊ तोच, म्हणून दबतो तोच.

हे मी पुस्तकातून नव्हे, घरातून शिकलो. गेल्या दिवाळीच्या आधी चकल्यांचा घाणा आटोपला आणि आमच्या सौभाग्यवती रोज रात्री दोन वाजता उठून पलंगाबाहेर हात झटकू लागल्या. हाताला मुंग्या, बोटे सुजल्यासारखी, सकाळी कपाची कानी धरवेना. शेजारच्या काकूंनी वात ठरवला. माझ्या मेहुण्याने मानेचा मणका. स्नेह्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘वहिनी, करंगळीला मुंग्या येतात का?’ जरा विचार करून ती म्हणाली, ‘नाही हो. करंगळी सोडून बाकी सगळ्यांना.’ ते हसून म्हणाले, ‘मग मणक्याच्या आधी मनगट पाहू.’

मला त्या प्रश्नाचे फार कौतुक वाटले. पाणी कोणत्या नळाला येत नाही हे पाहून कोणती वाहिनी तुंबली हे ओळखावे, तसा हा प्रकार. पुढे तपासणीत तेच ठरले. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडची मंदी यांत त्याची शक्यता वाढते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, जरूर तर इंजेक्शन, आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झडू लागण्यापूर्वी तो चिवट पट्टा कापण्याची लहानशी शस्त्रक्रिया, असे उपायांचे टप्पे आहेत. आमच्या घरी पट्ट्यावर भागले. यंदा चकलीचा सोऱ्या मात्र माझ्या हाती आला आहे.

कोपरावरचा धनी

तिसरा अल्नर. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून हा जवळजवळ कातडीखालूनच जातो. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या याच्या. कोणाच्या कोपराला गूळ लावायचा झाला तर या जागेवर जपून लावावा! करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू हा सांभाळतो. म्हणजे पाहा, अनामिकेला नाव नाही ते नाहीच, पण धनी मात्र दोन आहेत.

हा केवळ करंगळीचा चाकर आहे असे समजू नये. पंजाच्या आत जे बारीक स्नायू आहेत त्यांतले पाच मीडियनकडे. बाकी सारे याच्याकडे. बोटे फाकवणे, जुळवणे, लेखणी स्थिर धरणे, पेटीच्या पट्ट्यांवर बोटे नाचवणे हे याच्याविना नाही. तो निकामी झाला की करंगळी आणि अनामिका आकडीसारख्या वाकतात आणि अंगठ्याच्या बेचक्यातील मांस झडून तेथे खळगा पडतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, फ्रोमाँ या फ्रेंच डॉक्टराने याची सोपी खूण सांगितली. अंगठा आणि तर्जनीची कड यांत कागद धरायचा आणि दुसऱ्याने तो ओढायचा. हा तंतू दुबळा असेल तर रोगी कागद राखण्यासाठी अंगठ्याचे पेर वाकवतो. एका कागदाच्या चिठोऱ्याने निदान!

एक हस्ताक्षर

आता जे सांगणार आहे ते सांगावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. ज्या मुलीची ही हकीकत आहे तिनेच ‘सर, लिहा’ म्हणून सांगितले, म्हणून लिहितो. ओळख पटेल असे काही त्यात नाही.

ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. तीन वर्षे तिच्या वह्या मी तपासल्या होत्या. अक्षर मोत्यांच्या सरीसारखे. त्या वर्षी पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिकेत पहिली दोन पाने नेहमीची आणि पुढे अक्षर ओळीवरून घसरत गेलेले. मी तिला बोलावून विचारले. तिने काही न बोलता उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळी आणि शेजारचे बोट वाकलेले. करंगळीवर भाजल्याचा मोठा फोड. ‘हे कधी भाजले?’ ‘ठाऊक नाही, सर. पोळ्या झाल्यावर दिसले. दुखत नाही.’

दुखत नाही, या दोन शब्दांनी मी चमकलो. स्नेह्यांनी तिचा कोपर चाचपला. कातडीखालचा तो दोर जाड झाला होता. दंडावर फिकट चट्टा होता आणि त्यावर कापसाचा स्पर्श तिला कळत नव्हता. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी निदान केले. कुष्ठरोग.

तिच्या वडिलांना हे सांगण्याच्या वेळी मी हजर होतो. सुशिक्षित, कचेरीत नोकरी करणारा, सभ्य माणूस. त्यांनी दार लावून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘सर, हा शब्द पुन्हा उच्चारू नका. हिच्या पाठीवर धाकटी आहे.’ आजार मुलीला झाला होता. पण त्या क्षणी घरात उपचाराचा नव्हे, लग्नाचा विचार चालू होता. याला त्यांना एकट्याला दोष कसा द्यावा? ‘महारोग’, ‘रक्तपिती’ हे शब्द आपणच इतकी शतके शिवीसारखे वापरले आहेत. २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे आपल्या विवाहविषयक कायद्यांत घटस्फोटाचे कारण म्हणून छापलेले होते. त्या वर्षी संसदेने ते काढून टाकले.

स्नेह्यांनी त्यांना शांतपणे तीन गोष्टी सांगितल्या. हा जंतूचा आजार आहे, पापाचा नव्हे. तो जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्येच दाखवला. औषधे सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचे भय उरत नाही. आणि तिसरे, सर्वांत निकडीचे : तंतू सुजून काम थांबल्याला सहा महिन्यांच्या आत असू तर सूज उतरवणाऱ्या औषधाने तो पुष्कळदा वाचतो, त्यापुढे आशा कमी होत जाते. ‘हिला किती झाले?’ असे त्यांनी विचारले. मुलगीच म्हणाली, ‘चार.’ वडील उठले आणि पायांत चपला घातल्या.

तिने ठरलेल्या मुदतीची औषधे पूर्ण केली, व्यायाम केले. बोटे जवळजवळ सरळ झाली. करंगळीचे टोक अजून बधिर आहे. अक्षर पूर्वीइतके देखणे नाही, पण सुवाच्य आहे. आज ती एका शाळेत शिकवते. तिचे लग्न झाले का, असे वाचक विचारतील. ते मी सांगत नाही. हात बरा झाल्याचे ते माप नव्हे.

वेल्लोरचा धडा

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीरातील थंड जागा आवडतात. कोपराशी कातडीलगत असलेला अल्नर त्याला आयता सापडतो. पण बोटे झडतात ती का? मांसच सडते, अशी पूर्वी वैद्यांचीही समजूत होती. ती खोडून काढण्याचे मोठे श्रेय डॉ. पॉल ब्रँड यांचे. तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले हे इंग्रज शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे भाजतात, कापतात, जखम तशीच वापरली जाते, आणि त्यापायी झिजतात. वेदना हे शरीराचे पहारेकरी आहे. पहारेकरी झोपला की घर लुटले जाते.

१९४८ पासून त्यांनी वाकलेल्या पंजांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. बाहूतील एखादा धडधाकट स्नायू घ्यायचा, त्याची कंडरा सोडवून बोटांना जोडायची, आणि रोग्याच्या मेंदूला नवा धडा द्यायचा की आता हे दोर बोटे सरळ करण्यासाठी ओढ. मुठी उघडल्या. पण काही रोगी तक्रार घेऊन आले : हात चांगले दिसू लागल्याने भीक मिळत नाही, आणि काम तर कोणी देत नाही! तेव्हा ब्रँडसाहेबांनी त्यांना हातकाम शिकवण्यासाठी वस्ती उभारली. हात दुरुस्त करणे हे अर्धे काम, हाताला काम देणे हे दुसरे अर्धे. आपल्याकडे वरोड्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी याच सुमारास नेमके हेच दुसरे अर्धे हाती घेतले; त्यांची महारोगी सेवा समिती १९४९ मधली. मुंबईत ज. जी. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनीही कुष्ठरोग्यांच्या हातांवर आणि मज्जातंतूंवर दीर्घकाळ काम केले.

दिवसाला एक मिलिमीटर

तुटलेला तंतू जुळतो का? दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिक पाहून सेडन या इंग्रज शल्यविशारदाने १९४३ मध्ये इजेच्या तीन पायऱ्या लावून दिल्या. नुसता दाब असेल तर तंतू आपोआप जागा होतो. आतले धागे तुटले पण वेष्टण शाबूत असेल तर धागे त्याच वेष्टणातून पुन्हा वाढतात. सारेच तुटले तर टाके घालण्यावाचून गती नाही. वाढीचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, महिन्याला जेमतेम इंचभर. कोपराशी तुटलेल्या धाग्याला पंजातील स्नायूंशी पोचायला वर्षभर तरी लागणार. आणि स्नायू काही जन्मभर वाट पाहत बसत नाही; वर्ष-दीड वर्षाने तो झिजून उत्तर देईनासा होतो. म्हणून मज्जातंतूच्या बाबतीत ‘पाहू पुढच्या महिन्यात’ हे वाक्य फार महाग पडते.

घरच्या घरी

तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे. पहिल्या तीन बोटांना रात्री मुंग्या आल्या तर मनगट दाखवावे. करंगळीला आल्या तर कोपर. दोन्ही हातांना आणि पायांनाही येत असतील तर साखर तपासावी. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, भाजलेले दुखत नसेल, तर क्षणभरही लाजू नये. भारतात २००५ अखेर कुष्ठरोग सार्वजनिक प्रश्न म्हणून दूर झाल्याचे जाहीर झाले खरे. पण जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशात सापडतात. बहुविध औषधांचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवला. तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि सहा महिन्यांत किंवा वर्षभरात पुरा होतो. घरोघर पाहणीला येणाऱ्या आरोग्यसेविकेला ‘आमच्यात असले काही नाही’ म्हणून दारातून परत पाठवण्याची आपल्या सुसंस्कृत इमारतींची पद्धत आहे. जंतूला मात्र कुणाची इमारत ठाऊक नसते.

दिवाळीत पणती लावताना, गरम अनारसा ताटात काढताना बोटाला चटका बसेल. तोंडातून ‘हाय’ निघेल. त्या चटक्याला शिव्या देऊ नका. तिन्ही धनी आपापल्या चौकीवर जागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चटका कळणारे हात घरोघर असोत, आणि ज्यांचा कळेनासा झाला आहे त्यांच्या हाती हात देण्याची बुद्धी आपल्याला होवो, हेच या दिवाळीचे मागणे.